ख्रिस्ती कॉलेजात समुपदेशनाचा मास्टर्स: शिकवणारे नेमके कोण असतात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका छोट्या ख्रिस्ती कॉलेजातून मी समुपदेशनाचा मास्टर्स केला. आता परवाना घेऊन तेच काम करते. ऑक्टोबर उजाडला की नगर, पुणे, वसई, कधी दुबईहून मेल यायला लागतात. फी आणि व्हिसाची माहिती कुठेही मिळते, म्हणून ती इथे देत नाही. अडचण येते ती फॅकल्टीचं पान वाचताना. ते पान स्थळाच्या बायोडाट्यासारखं असतं: शिक्षण, छंद, हसरा फोटो, सगळं जागेवर, आणि आपल्याला विचारायचं तेच नेमकं गाळलेलं. पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

१. ख्रिस्ती कॉलेज म्हणजे शिकवायला सगळे पाळकच (चर्चचे पास्टर) असतात का?

नाही. परवान्याकडे नेणाऱ्या कार्यक्रमात पूर्णवेळ शिकवणारे बहुतेक जण समुपदेशनातले डॉक्टरेट असतात. त्यांच्यातल्या काहींनी आधी सेमिनरीत (पाळक घडवणाऱ्या संस्थेत) शिक्षण घेतलेलं असतं, काहींनी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, किंवा हॉस्पिटलात चॅप्लन (रुग्णांना धार्मिक आधार देणारे) म्हणून काम केलेलं असतं. निव्वळ पाळक असलेली व्यक्ती ईश्वरविज्ञानाचा एखादा विषय शिकवते, पण निदान, गट-समुपदेशन किंवा संशोधनपद्धती तिच्याकडे सहसा देत नाहीत. पानावर समुपदेशनाचे मुख्य विषयसुद्धा पाळकच शिकवताना दिसले, तर तो कार्यक्रम वेगळ्या जातीचा असण्याची शक्यता आहे. त्यासाठी प्रश्न ६ पाहा.

२. 'काउन्सेलर एज्युकेशन'मधली पीएचडी म्हणजे काय? मानसशास्त्राची पीएचडी जास्त भारी नाही का?

आपल्याकडे मानसशास्त्र हेच मूळ आणि समुपदेशन ही त्याची फांदी, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. अमेरिकेत हे दोन वेगळे व्यवसाय आहेत. परवाने वेगळे, संघटना वेगळ्या, आचारसंहिताही वेगळ्या. समुपदेशन शिकवणाऱ्यांना तयार करणारी डॉक्टरेट म्हणजे 'काउन्सेलर एज्युकेशन अँड सुपरव्हिजन'.

समुपदेशनाच्या कार्यक्रमांना मान्यता देणारी मुख्य संस्था केक्रेप (CACREP), स्थापना १९८१ची. तिचा नियम असा की कोअर, म्हणजे पूर्णवेळच्या, फॅकल्टीची डॉक्टरेट काउन्सेलर एज्युकेशनमधलीच हवी, आणि तीही शक्यतो केक्रेपमान्य कार्यक्रमातली. सूट एकच आहे. ज्यांची डॉक्टरेट जवळच्या विषयातली आहे, पण ज्यांनी १ जुलै २०१३ आधी किमान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष अशा कार्यक्रमात पूर्णवेळ शिकवलं आहे, त्यांना चालतं.

हा नियम माहीत असला की पान आपोआप उलगडतं. साठीच्या आसपासचे प्राध्यापक क्लिनिकल सायकॉलॉजीचे आणि चाळिशीतले सगळे काउन्सेलर एज्युकेशनचे, असं चित्र तुम्हाला जागोजागी दिसेल. त्यामागे विद्वत्तेचा फरक शोधू नका, ती तारीख आहे. माझ्या विभागातले सर्वांत उत्तम शिक्षक त्या तारखेच्या जरा आधी आत आलेले मानसशास्त्रज्ञ होते. आज पहिल्यांदाच शिकवायला अर्ज केला असता तर त्यांना कोअर म्हणून घेताच आलं नसतं.

३. नावापुढची अक्षरं कशी वाचायची? सगळी सारखीच वाटतात.

दोन ढीग करा: शिक्षणाची अक्षरं आणि परवान्याची अक्षरं.

शिक्षणात पीएचडी आणि एडडी या दोन्ही डॉक्टरेट काउन्सेलर एज्युकेशनमध्ये दिल्या जातात, आणि एडडीला कमी लेखायचं कारण नाही. साय.डी. ही मानसशास्त्रातली, प्रत्यक्ष उपचारांवर भर देणारी डॉक्टरेट. डी.मिन. मात्र सेवाकार्यातली डॉक्टरेट आहे. ती असलेली व्यक्ती 'डॉक्टर' म्हणवते आणि ते बरोबरही आहे, पण समुपदेशनाचं संशोधन शिकवण्याशी तिचा संबंध नाही. एम.डिव्ह. म्हणजे पाळक होण्यासाठीची तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी.

परवान्यात एलपीसी, एलएमएचसी, एलपीसीसी, एलसीपीसी ही समुपदेशकाच्या परवान्याची, एकाच कुळातली नावं आहेत. प्रत्येक राज्याने आपापलं बारसं केलेलं आहे. पहिला कायदा १९७६ला व्हर्जिनियात झाला, शेवटचा २००९ला कॅलिफोर्नियात, आणि मधल्या तेहतीस वर्षांत ज्याला जे सुचलं ते नाव पडलं. एलएमएफटी म्हणजे विवाह आणि कुटुंब उपचारक, ते कूळ वेगळं. एनसीसी हा परवाना नाही, ते राष्ट्रीय प्रमाणपत्र आहे.

४. पानावर वीस फोटो आहेत. हे सगळे मला शिकवणार का?

नाही. कोअर, म्हणजे पूर्णवेळचे, किती हे आधी मोजा. छोट्या कॉलेजात वीस फोटोंतले चार-पाचच कोअर निघतात, बाकीचे ॲडजंक्ट. ॲडजंक्ट म्हणजे बाहेर प्रॅक्टिस करून संध्याकाळी एखादा विषय शिकवायला येणारे. त्यांचं शिकवणं ताजं असतं, पण शिफारसपत्र, संशोधन आणि अडीअडचण या गोष्टींसाठी कोअर माणूसच लागतो.

केक्रेपच्या २०१६च्या मानकांत पूर्णवेळाच्या हिशोबाने मोजलेले विद्यार्थी आणि शिक्षक यांचं प्रमाण १२ला १ पेक्षा जास्त नसावं असं म्हटलं होतं. ही मोजणी ॲडजंक्टचे तास जोडून होते. त्यामुळे प्रमाण नियमात बसलं तरी ओळखीचा चेहरा आठवड्यातून एकदाच दिसतो, असं होऊ शकतं.

५. श्रद्धा आणि मानसशास्त्र यांचा मेळ शिकवणारे लोक कुठून येतात? त्यांचं वेगळं शिक्षण असतं का?

या मेळाला तिकडे 'इंटिग्रेशन' म्हणतात आणि त्याला बऱ्यापैकी जुनी परंपरा आहे. १९५६ला मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या आसपासच्या रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींतल्या मानसशास्त्रज्ञांनी 'कॅप्स' ही ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञांची संघटना सुरू केली. १९६५ला कॅलिफोर्नियात पॅसाडेनाच्या फुलर सेमिनरीने स्वतःचं मानसशास्त्राचं स्कूल काढलं. सेमिनरीच्या आवारात मानसशास्त्रातली डॉक्टरेट, ही कल्पना त्या काळी दोन्ही बाजूंना खटकणारी होती. पाळकांना वाटे, हे फ्रॉइडला देवळात आणतायत. मानसशास्त्रज्ञांना वाटे, हे विज्ञानाला धर्मात बुडवतायत. पाठोपाठ रोझमीड स्कूल आलं, ते आता बायोला विद्यापीठात आहे. या विषयाचं त्यांचं संशोधन-नियतकालिक १९७३ पासून निघतं.

जुन्या पिढीतले इंटिग्रेशनचे शिक्षक बरेचदा अशा संस्थांतून आलेले सापडतात. नव्या पिढीत रीजेंट आणि लिबर्टी या व्हर्जिनियातल्या दोन विद्यापीठांची नावं वारंवार दिसतील, कारण ख्रिस्ती संस्था असून काउन्सेलर एज्युकेशनची केक्रेपमान्य डॉक्टरेट तिथे मिळते. इथे माझं एक स्पष्ट मत आहे. पाचांपैकी चार कोअर प्राध्यापक एकाच विद्यापीठातून आलेले असतील तर जरा थांबा. एकाच विहिरीचं पाणी कितीही गोड असलं तरी चव एकच लागते. सरकारी विद्यापीठातून डॉक्टरेट केलेला निदान एक माणूस विभागात असावा. वर्गात कुणीतरी "हे बाहेर असं चालत नाही" म्हणणारं लागतं.

६. 'बायबलिकल काउन्सेलिंग' आणि हे एकच ना? आमच्या पाळकसाहेबांनी ते सुचवलंय.

एकच नाही, आणि ही गल्लत महागात पडते. १९७० साली जे ॲडम्स यांनी मानसशास्त्रावर विसंबून न राहता पवित्र शास्त्राच्या आधारे समुपदेशन करण्याची भूमिका मांडली. त्यातून पुढे बायबलिकल काउन्सेलिंगची चळवळ वाढली. लुईव्हिलच्या सदर्न बॅप्टिस्ट सेमिनरीने २००५ला इंटिग्रेशनची वाट सोडून ही वाट धरली. तिथे शिकवणारे ईश्वरविज्ञान आणि सेवाकार्याच्या पार्श्वभूमीचे असतात, आणि त्यांच्या दृष्टीने तेच योग्य आहे. मंडळीत सेवा करायची असेल तर ते शिक्षण उपयोगी आहे.

पण अशी पदवी सहसा राज्याच्या परवान्याकडे नेत नाही. पाळकसाहेबांना विचारा, "मला मंडळीत काम करायचंय की क्लिनिकमध्ये, हे लक्षात घेऊन सुचवलंत का?" बहुतेक वेळा या दोन वाटा वेगळ्या आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

७. प्राध्यापकांना खरंच विश्वासपत्रकावर (कॉलेजची श्रद्धा मांडणाऱ्या पत्रकावर) सही करावी लागते? हे कायदेशीर आहे?

कॉलेजवर अवलंबून आहे. जिथे करावी लागते तिथे ते कायदेशीर आहे. नोकरीत धर्मावरून भेदभाव करायला अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याने मनाई केली, पण त्याच कायद्यात धार्मिक संस्थांना आपल्या श्रद्धेची माणसं निवडण्याची सूटही आहे.

इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज हे ठळक उदाहरण. १८६०चं प्रोटेस्टंट कॉलेज, प्रसिद्ध धर्मप्रचारक बिली ग्रॅहम इथलेच पदवीधर. इथले प्राध्यापक दर वर्षी विश्वासपत्रकाला नव्याने दुजोरा देतात. २००० नंतरच्या दशकात तत्त्वज्ञानाचा एक प्राध्यापक कॅथलिक झाला. आपण पत्रकावर अजूनही सही करू शकतो असं त्याचं म्हणणं होतं, पण कॉलेजला ते पटलं नाही आणि त्याला जावं लागलं. वर्गात तो चांगला शिकवतो याबद्दल वाद नव्हता. नगर-वसईकडच्यांना यातली गंमत चटकन कळेल. बाहेरच्या माणसाला 'ख्रिश्चन' हा एकच शब्द दिसतो, आतल्याला त्यातल्या भिंती पाठ असतात.

उलट मार्क्वेट, क्रेटन, लोयोला शिकागो ही जेझुइट विद्यापीठं. मुंबईच्या झेवियर्सच्या आवारात वावरलेल्यांना तिथलं वातावरण ओळखीचं वाटेल. तिथे प्राध्यापकांकडून अशी सही घेत नाहीत, आणि विभागात ज्यू, मुस्लिम, नास्तिक कुणीही असू शकतं.

८. मग सही घेणाऱ्या कॉलेजात सगळे एका साच्यातले असतील ना?

श्रद्धेच्या मूळ मुद्द्यांवर हो. उपचारपद्धतीवर अजिबात नाही. माझ्या विभागात एक कट्टर सीबीटीवाले (विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारे) होते, एक बाई भावनाकेंद्रित पद्धतीच्या, तर एक जण कुटुंबाकडे एक व्यवस्था म्हणून पाहणाऱ्या पद्धतीखेरीज कशावरच बोलत नसत. जेवणाच्या टेबलावर प्रार्थना झाली की भांडण सुरू. साचा दिसतो तो वंशाच्या बाबतीत. पानावरचे फोटो बघा, जास्त सांगायला नको.

९. मी ख्रिस्ती नाही (हिंदू, बौद्ध, नास्तिक). प्राध्यापक मला वेगळं वागवतील का?

आधी प्रवेश मिळतो का ते पाहा. काही कॉलेजं प्राध्यापकांप्रमाणे विद्यार्थ्यांकडूनही श्रद्धेचा किंवा वर्तनाचा करार मागतात, काही फक्त वर्तनाचा, काही कशाचाच नाही. श्रद्धेचा करार असेल तर खोटी सही करू नका. दोन-तीन वर्षं तोंडावर हात ठेवून समुपदेशन शिकता येत नाही, कारण तिथे रोज स्वतःबद्दलच बोलावं लागतं.

माझ्या बॅचला पुण्याचा एक हिंदू मुलगा होता. त्याच्याकडून फक्त वर्तनाचा करार घेतला होता. त्याला त्रास प्राध्यापकांचा झाला नाही, झाला तो इंटिग्रेशनच्या निबंधांचा. "तुझ्या श्रद्धेतून दुःखाचा अर्थ लाव" असा विषय आला. त्याने वारीला जाणाऱ्या आजीवर लिहिलं, आणि शिकवणाऱ्या बाईंनी ते वर्गात वाचून दाखवलं. सगळीकडे असंच होईल अशी खात्री मी देत नाही.

१०. समलिंगी क्लायंटच्या बाबतीत हे प्राध्यापक काय शिकवतात?

हा प्रश्न बरेच जण चाचरत, 'मैत्रिणीसाठी विचारतेय' म्हणून विचारतात. सरळ उत्तर देते.

परवान्याकडे नेणाऱ्या कार्यक्रमात अमेरिकन काउन्सेलिंग असोसिएशनची आचारसंहिता शिकवावीच लागते. तिच्या २०१४च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलं आहे की केवळ आपल्या वैयक्तिक मूल्यांमुळे क्लायंटला दुसरीकडे पाठवू नये. यामागे एक प्रकरण आहे. ईस्टर्न मिशिगन या सरकारी विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने प्रॅक्टिकममध्ये (क्लायंटसोबतच्या पहिल्या प्रत्यक्ष सरावात) समलिंगी क्लायंट घ्यायला नकार दिला आणि २००९ला तिला काढून टाकण्यात आलं. जानेवारी २०१२मध्ये अपील न्यायालयाने खटला पुन्हा खालच्या कोर्टात पाठवला आणि वर्षअखेरीस तडजोड झाली. जॉर्जियातल्या ऑगस्टा स्टेटच्या तशाच प्रकरणात २०११ला न्यायालय विद्यापीठाच्या बाजूने गेलं होतं. पुढे टेनेसी राज्याने २०१६ला समुपदेशकांना तत्त्वाच्या कारणावरून नकाराची मुभा देणारा कायदा केला, तेव्हा असोसिएशनने आपलं २०१७चं अधिवेशन नॅशव्हिलमधून हलवलं.

म्हणजे प्राध्यापकाने कॉलेजशी एक करार केलेला असतो आणि व्यवसायाशी दुसरा. चांगला शिक्षक हा ताण लपवत नाही. मुलाखतीत विचारा: "विद्यार्थ्याच्या श्रद्धेचा आणि आचारसंहितेचा खटका उडाला तर तुम्ही काय करता?" जो प्रत्यक्ष घडलेला प्रसंग (नाव न घेता) सांगेल त्याच्याकडे शिका. "आमच्याकडे तसं कधी होत नाही" म्हणणाऱ्याबद्दल मला शंका आहे.

११. फॅकल्टीचा सगळ्यात जास्त फरक कुठे पडतो?

सुपरव्हिजनमध्ये. बाकी सगळं पुस्तकातूनही शिकता येतं.

केक्रेपच्या हिशोबाने प्रॅक्टिकम किमान १०० तासांचा, त्यातले ४० प्रत्यक्ष क्लायंटसोबत. पुढे इंटर्नशिप ६०० तासांची, त्यात २४० प्रत्यक्ष. प्रॅक्टिकमच्या काळात आठवड्याला सरासरी एक तास वैयक्तिक आणि दीड तास गटात, कुणीतरी तुमचं काम तपासत असतं.

माझ्या पर्यवेक्षक पूर्वी हॉस्पिटलात चॅप्लन होत्या, डॉक्टरेट त्यांनी नंतर केली. एकदा माझ्या सत्राचं रेकॉर्डिंग चौदाव्या मिनिटाला त्यांनी थांबवलं. क्लायंट रडत होत्या आणि मी म्हटलं होतं, "मी तुमच्यासाठी प्रार्थना करेन." नगरच्या घरात कुणी रडायला लागलं की हे वाक्य आपसूक तोंडात येतं. पर्यवेक्षकांनी विचारलं, "हे कुणाला हवं होतं? त्यांना, की तुला?" मग व्हिडिओ दहा सेकंद मागे घेतला आणि आवाज बंद करून फक्त चित्र दाखवलं. माझं वाक्य संपता संपता त्या बाईंनी पायाशी ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली होती, दोन्ही हातांनी घट्ट. अजून पस्तीस मिनिटं शिल्लक होती, पण त्यांच्यापुरतं सत्र तिथेच संपलं होतं.

मरणाऱ्या माणसांच्या उशाशी वर्षानुवर्षं बसलेल्या बाईंनाच ती पर्स दिसली. म्हणून सांगते, पानावर 'सुपरव्हिजन कोण करतं' आणि 'त्या व्यक्तीने स्वतः क्लायंट कुठे पाहिले' या दोन गोष्टी आधी शोधा. शोधनिबंधांची यादी नंतर.

१२. सगळ्याच प्राध्यापकांकडे परवाना असतो का?

असतोच असं नाही. काही जण संशोधनात असतात आणि परवाना सोडून देतात. सुपरव्हिजन करणाऱ्याकडे मात्र योग्य परवाना किंवा प्रमाणपत्र हवं. राज्य परवाना मंडळाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की परवाना चालू आहे का आणि कारवाई झाली आहे का, हे बहुतेक राज्यांत फुकट दिसतं. यात चोरून बघण्यासारखं काही नाही. नोंद सगळ्यांसाठी खुली आहे.

१३. एका प्राध्यापकांच्या परिचयात 'भारतात सेवा' असं लिहिलंय. याचा अर्थ काय घ्यायचा?

काहीही असू शकतो: दोन आठवड्यांची मंडळीची सहल, मिशनऱ्यांच्या मुलांच्या शाळेत गेलेलं बालपण, किंवा एखाद्या हॉस्पिटलात काढलेली वीस वर्षं. नगर जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, त्यामुळे आजी-आजोबा आपल्याकडे राहून गेलेले लोक तिकडे अधूनमधून भेटतात. मला असे एक प्राध्यापक भेटले. भाकरीला 'भाकर' म्हणायचे. कुठे, किती काळ आणि कोणत्या भाषेत काम केलं, हे विचारा. तिसऱ्या प्रश्नाला 'दुभाष्यामार्फत' असं उत्तर आलं तर आपल्या घरातली घुसमट त्यांना आयती कळेल अशी अपेक्षा ठेवू नका. समजावून सांगावी लागेल.

१४. ही पदवी घेऊन भारतात परतले तर प्राध्यापकांची पार्श्वभूमी किंवा केक्रेप इथे मोजतात का?

केक्रेपचं नाव इथे फार कमी जणांना माहीत आहे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून नोंदणीचा विषय भारतीय पुनर्वास परिषदेकडे आहे, आणि समुपदेशनाचा अमेरिकन मास्टर्स म्हणजे ती नोंदणी नव्हे. सहयोगी (अलाइड) आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी २०२१चा राष्ट्रीय आयोग कायदा आला आहे, त्यात वर्तन-आरोग्य क्षेत्रही येतं. परतायचा विचार पक्का असेल तर या दोन्ही ठिकाणच्या ताज्या अटी अर्ज करण्यापूर्वी वाचा.

१५. ज्या प्राध्यापकांसाठी प्रवेश घेतला तेच सोडून गेले तर?

होतं. माझंही झालं, दुसऱ्या सत्रात. मान्यता कार्यक्रमाला असते, व्यक्तीला नसते, त्यामुळे पदवीला धक्का लागत नाही. पण छोट्या विभागात (प्रश्न ४) एक माणूस गेला की एक अख्खा विषय ॲडजंक्टकडे जातो. यावर उपाय म्हणजे अर्जापूर्वी त्या प्राध्यापकांनाच मेल करायचा: पुढची दोन वर्षं तुम्ही शिकवणार आहात का, सबॅटिकलवर (अभ्यासरजेवर) जाणार आहात का, प्रॅक्टिकमचे विद्यार्थी घेता का. मेलचा नमुना माझ्याकडे मागू नका. चार ओळी स्वतःच्या इंग्रजीत लिहा, पहिल्या ओळीत 'रिस्पेक्टेड सर' नको, 'डॉक्टर' आणि आडनाव पुरे, आणि विभागाच्या समन्वयकाला सीसीत ठेवा.